फिनलंडचं भूदल: इतिहास, रचना आणि अधिकारसाखळी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

युद्धेतिहास वाचणाऱ्या मराठी वाचकांना फिनलंड माहीत असतो तो १९३९-४० च्या हिवाळी युद्धामुळे. पांढऱ्या झग्यातले स्कीवरचे सैनिक, बर्फात गाडले गेलेले सोव्हिएत रणगाडे, ही चित्रं सगळीकडे फिरत असतात. पण ही सेना उभी कशी राहते, तिला हुकूम कोण देतं, ती शांततेच्या काळात कुठे असते, हे फारसं कुणी सांगत नाही. माझ्या मते या देशाची खरी कमाल रणांगणातल्या शौर्याइतकीच या व्यवस्थेत आहे, म्हणून इथे तिच्यावर जास्त भर आहे.

फिनलंडच्या भूदलात एकूण किती सैनिक आहेत?

या प्रश्नाचं एकच एक उत्तर देता येत नाही, आणि इथूनच या सेनेचं वेगळेपण सुरू होतं. भूदल, नौदल आणि हवाई दल मिळून कायम पगारावर असलेली माणसं साधारण १२ हजार, त्यातही जवळपास एक तृतीयांश मुलकी कर्मचारी. दरवर्षी वीस हजारांहून अधिक तरुण सक्तीची लष्करी सेवा करतात, त्यातले बहुतेक भूदलात. युद्ध झालं तर मात्र ठरलेलं संख्याबळ २ लाख ८० हजार आहे, आणि लष्करी शिक्षण घेतलेल्या राखीव नागरिकांची एकूण संख्या आठ लाखांच्या पुढे जाते.

देशाची लोकसंख्या सुमारे ५६ लाख, म्हणजे पुणे जिल्ह्यापेक्षाही कमी. क्षेत्रफळ मात्र महाराष्ट्राहून थोडं मोठं, आणि रशियाशी लागलेली सीमा सुमारे १,३४० किलोमीटरची. एवढ्या लांब सीमेवर कायमची खडी फौज ठेवणं या देशाला परवडणारं नाही. त्यामुळे छावण्यांमध्ये दिसतात ते शिक्षक, कारकून आणि शिकाऊ पोरं. लढणारी सेना घरोघरी आहे: कुणी सुतार, कुणी प्रोग्रॅमर, कुणी बसचालक. बोलावणं आल्यावर कुठे हजर व्हायचं आणि कोणतं काम करायचं हे ज्याचं त्याचं आधीच ठरलेलं असतं.

सर्वोच्च हुकूम कुणाचा चालतो?

राष्ट्राध्यक्षांचा. राज्यघटनेनुसार प्रजासत्ताकाचे अध्यक्ष संरक्षण दलांचे सरसेनापती असतात. आपल्याकडेही राष्ट्रपती तिन्ही दलांचे सर्वोच्च सेनापती आहेत, पण प्रत्यक्षात निर्णय मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच होतात. फिनलंडमध्ये लष्करी हुकुमाच्या बाबतीत अध्यक्षांचा शब्द बराच खरा असतो. सेनाप्रमुख या बाबतीत थेट अध्यक्षांना उत्तरदायी असतात. संरक्षण मंत्रालय पैसा, कायदे, खरेदी आणि धोरण पाहतं, पण ब्रिगेड कुठे हलवायची हे संरक्षणमंत्री ठरवत नाहीत.

घटनेत आणखी एक तरतूद आहे आणि ती मला फार बोलकी वाटते. सरकारने प्रस्ताव मांडला तर अध्यक्ष सरसेनापतिपद दुसऱ्या एखाद्या फिनिश नागरिकाकडे सोपवू शकतात. ही कल्पना अनुभवातून आलेली आहे. ३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत हल्ला झाला त्याच दिवशी अध्यक्ष क्यॉस्ती काल्लिओ यांनी सरसेनापतीचा अधिकार ७२ वर्षांचे जुने सेनानी मॅनरहाइम यांच्याकडे दिला. काल्लिओ शेतकरी कुटुंबातले मुलकी राजकारणी होते. युद्ध चालवणं हे आपलं काम नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी मान्य केलं, आणि देशाचा त्यात फायदाच झाला.

मग अध्यक्षांपासून साध्या सैनिकापर्यंत साखळी कशी जाते?

अध्यक्षांच्या खाली संरक्षण दलांचे प्रमुख, ते जनरल दर्जाचे. १ एप्रिल २०२४ पासून यान्ने याक्कोला या पदावर आहेत. त्यांचं मुख्यालय हेलसिंकीत. त्यांच्या हाताखाली तीन दलांचे तीन सेनापती. भूदलाचा सेनापती सहसा लेफ्टनंट जनरल असतो. त्याच्या खाली ब्रिगेड आणि रेजिमेंट, त्याखाली बटालियन, कंपनी, प्लाटून.

डिव्हिजन आणि कोअर हे मधले मोठे टप्पे शांततेच्या काळात नाहीतच. शांततेतली ब्रिगेड ही मुळात शिक्षणसंस्था आहे. तिचं काम युद्धकाळातल्या तुकड्या घडवून, नावनिशीवार यादी करून, घरी पाठवणं. युद्धात जी ब्रिगेड किंवा बटालियन उभी राहील ती या कारखान्यातून निघालेली, पण तिची जागा, शस्त्रं आणि अधिकारी वेगळे ठरलेले असतात. वरून पाहताना दोन्हींना ब्रिगेडच म्हणतात, त्यामुळे नकाशे पाहणाऱ्यांचा हमखास घोटाळा होतो.

भूदलाच्या कोणत्या तुकड्या आहेत आणि त्या कुठे?

२०१५ पासून आठ आहेत. आग्नेयेला वेकारान्यार्वीची करेलिया ब्रिगेड, पश्चिमेला स्यॅक्युलाची पोरी ब्रिगेड, देशाच्या मध्यभागी, पूर्वेकडे, कायानीची काइनू ब्रिगेड, उत्तरेला सोदान्क्युला आणि रोवानिएमी इथली येगर (म्हणजे हलक्या पायदळाची) ब्रिगेड. पारोलाची चिलखती ब्रिगेड रणगाडे सांभाळते. हेलसिंकीच्या सान्ताहामिना बेटावर गार्ड येगर रेजिमेंट आहे आणि राजधानीचं रक्षण हे तिचं खास काम. उत्ती इथल्या येगर रेजिमेंटमध्ये विशेष दलं आणि हेलिकॉप्टर बटालियन आहे. आठवी म्हणजे लाप्पेनरांता इथली भूदल प्रशाला. हामिना शहरात १९२० पासून चालत आलेली राखीव अधिकाऱ्यांची शाळा तिच्याच अखत्यारीत येते.

द्रागस्विकची नीलांद ब्रिगेड या यादीत का नाही, असं विचारणारे असतात. ती पायदळासारखी दिसते, पण ती किनाऱ्यावर लढणारी असल्याने नौदलाकडे आहे. तिथलं शिक्षण स्वीडिश भाषेत चालतं, कारण देशातल्या स्वीडिशभाषक मुलांची ती हक्काची जागा आहे.

सीमा रक्षक दलही भूदलात मोडत नाही. ते गृह मंत्रालयाकडे असतं, मात्र युद्धात ते संरक्षण दलांत सामील करता येतं.

भूदलाचं मुख्यालय हेलसिंकीत नसून मिक्केलीत का?

मिक्केली हे पूर्वेकडचं, तळ्यांच्या प्रदेशातलं मध्यम आकाराचं गाव. हिवाळी युद्ध सुरू झाल्यावर मॅनरहाइम यांचं सर्वोच्च मुख्यालय तिथे हललं आणि एका शाळेच्या इमारतीत बसलं. राजधानी किनाऱ्यावर, बॉम्बफेकीच्या टप्प्यात. मिक्केलीहून आग्नेय सीमेवरच्या करेलियाची आघाडी जवळ आणि रेल्वेने जोडलेली. जानेवारी १९४० मध्ये या गावावरही जबर बॉम्बहल्ले झाले. पण पुढच्या, १९४१-४४ च्या, युद्धातही मुख्यालय इथेच होतं, आणि गावातल्या टेकडीच्या पोटात कोरलेल्या गुहेत त्याचं दळणवळण केंद्र होतं. शाळेतलं ते मुख्यालय आता संग्रहालय आहे.

गंमत म्हणजे भूदलाला स्वतःचं वेगळं मुख्यालय मिळालं ते थेट १ जानेवारी २००८ ला. नौदल आणि हवाई दलाला ते आधीपासून होतं. भूदल मात्र एवढं मोठं आणि देशभर पसरलेलं, की ते प्रादेशिक सेनाविभागांतून आणि हेलसिंकीतल्या मुख्यालयातूनच चालवलं जाई. २००८ मध्ये नवं मुख्यालय कुठे असावं हे ठरवताना मिक्केलीचा मान आपसूक पुढे आला.

फिनलंड १९१७ मध्ये स्वतंत्र झाला. त्याआधी फिनिश सेना होती का?

देश नव्हता, सैनिक होते. १८०९ पर्यंत फिनलंड स्वीडनच्या राज्याचा भाग होता. तीस वर्षांच्या युद्धात फिनिश घोडदळ जर्मनीत ब्राइटेनफेल्ड आणि ल्युट्झेनला लढलं आणि त्याची दहशत होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस काही शेतघरांनी मिळून एक सैनिक पोसायचा, त्याला झोपडी आणि जमिनीचा तुकडा द्यायचा, अशी पद्धत तिथे रुजली. सैनिक आणि गाव यांचं नातं इतकं जुनं आहे.

१८०८-०९ च्या युद्धात स्वीडनने फिनलंड गमावला आणि तो रशियन झारचा स्वायत्त प्रदेश झाला. १८७८ च्या कायद्याने त्याला स्वतःची छोटी सक्तीभरतीची सेनाही मिळाली. पण १९०१ मध्ये झारने नव्या भरती कायद्याने फिनिश तरुणांना रशियन सेनेत ओढायचं ठरवलं, तेव्हा लोकांनी भरतीवर बहिष्कार घातला. फिनिश तुकड्या मोडल्या गेल्या. शेवटची गार्ड बटालियन १९०५ मध्ये संपली. त्यामुळे पहिल्या महायुद्धात फिनलंडकडे ना सेना होती ना शिकलेले तरुण.

मग नवी सेना उभी केली कुणी?

दोन अगदी वेगळ्या गटांनी. पहिला गट येगरांचा. १९१५ पासून सुमारे १,९०० फिनिश तरुण, त्यात विद्यार्थी आणि शेतमजूरही, लपतछपत सीमा ओलांडून जर्मनीला गेले. तिथे प्रशियन २७ वी येगर बटालियन म्हणून त्यांनी शिक्षण घेतलं आणि रशियाविरुद्ध आघाडीवर लढाईही केली. रशियन कायद्यानुसार हा राजद्रोह होता. त्यांचा मोठा जथा २५ फेब्रुवारी १९१८ ला वासा बंदरावर उतरला. दुसरा गट झारच्या सेनेत वाढलेल्या फिनिश अधिकाऱ्यांचा, आणि त्यांत सर्वांत मोठं नाव मॅनरहाइम.

या दोघांचं जमत नसे. येगर जर्मन पद्धतीचे, तरुण, अधीर. जुने अधिकारी रशियन दरबारी रीतीचे. दोन दशकं ही ओढाताण चालली आणि हळूहळू येगरांनी सेना ताब्यात घेतली. हिवाळी युद्धात कोअर आणि डिव्हिजन चालवणारे बहुतेक सेनानी, एस्टरमन, हाइनरिक्स, तालवेला, सिलास्वुओ, हे सगळे येगर होते. त्यांच्या वर बसलेला मॅनरहाइम मात्र रशियन घोडदळातला.

१९१८ चं यादवी युद्ध काय होतं?

हा भाग घाईने उरकू नये. स्वातंत्र्यानंतर दोनच महिन्यांत देश दुभंगला. उत्तरेकडचे जमीनदार, शेतकरी आणि सरकार एका बाजूला, ते ‘पांढरे’. दक्षिणेकडच्या शहरांतले कामगार आणि भूमिहीन दुसऱ्या बाजूला, ते ‘लाल’. सरकारने मॅनरहाइम यांना सेनापती नेमलं. एप्रिलमध्ये लालांच्या ताब्यातलं ताम्पेरे शहर पडलं, पांढऱ्यांच्या मदतीला आलेल्या जर्मन फौजांनी हेलसिंकी घेतलं आणि मे महिन्यात युद्ध संपलं. यात ३६ हजारांहून अधिक माणसं मेली आणि त्यातली मोठी संख्या लढाईत मेली नाही. दोन्ही बाजूंनी हत्या झाल्या, आणि पराभवानंतर लालांना कोंडलेल्या छावण्यांमध्ये उपासमारीने व रोगाने बारा हजारांच्या आसपास माणसं दगावली.

म्हणजे फिनलंडच्या सेनेचा जन्म स्वतःच्याच लोकांविरुद्ध झाला. वीस वर्षांनी त्याच लालांची मुलं सक्तीच्या भरतीने त्याच सेनेत आली आणि १९३९ मध्ये पांढऱ्यांच्या मुलांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली. मॉस्कोला वाटत होतं की हे कामगार बंदुका टाकतील. ते घडलं नाही, आणि मला तरी हिवाळी युद्धातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

मॅनरहाइम नेमके कोण होते?

कार्ल गुस्ताफ एमिल मॅनरहाइम, जन्म ४ जून १८६७. स्वीडिशभाषक सरदार घराणं. हामिनाच्या कॅडेट शाळेतून बेशिस्तीपायी काढून टाकलेला मुलगा पुढे सेंट पीटर्सबर्गला जाऊन झारच्या घोडदळात अधिकारी झाला. तीस वर्षं रशियाची चाकरी, रशिया-जपान युद्ध, आणि १९०६ ते १९०८ या काळात मध्य आशियातून घोड्यावर बीजिंगपर्यंतचा टेहळणी प्रवास. फिनिश भाषा त्यांना उतारवयापर्यंत नीट येत नव्हती. १९३३ मध्ये फील्ड मार्शल, १९४२ मध्ये फिनलंडचे मार्शल, १९४४ ते ४६ अध्यक्ष. १९५१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मृत्यू. त्यांचा जन्मदिवस आज संरक्षण दलांचा ध्वजदिन आहे. १९१८ मुळे काही घरांत त्यांचं नाव आजही आदराने घेतलं जात नाही, हेही तितकंच खरं.

हिवाळी युद्धाच्या वेळी सेना इतक्या लवकर कशी उभी राहिली?

१९३० च्या दशकात येगर अधिकाऱ्यांनी जमवाजमवीची पद्धतच बदलली. आधी शांततेतल्या रेजिमेंट फुगवून युद्धाला न्यायच्या असा बेत होता. त्याऐवजी देश लष्करी जिल्ह्यांत वाटला आणि प्रत्येक जिल्ह्याने आपल्या भागातल्या राखीव माणसांतून आपली रेजिमेंट उभी करायची असं ठरलं. शस्त्रसाठे, घोडे, गणवेश यांची सोय जिल्ह्यातच. शेजारी शेजाऱ्याबरोबर, भाऊ भावाबरोबर.

ऑक्टोबर १९३९ मध्ये मॉस्कोशी वाटाघाटी चालू असतानाच सरकारने राखीव सैनिकांना ‘जादा सराव’ म्हणून बोलावलं. नाव सरावाचं, प्रत्यक्षात ती पूर्ण जमवाजमव होती. त्यामुळे ३० नोव्हेंबरला तोफा धडाडल्या तेव्हा नऊ डिव्हिजनची फौज आघाडीवर महिनाभर मुरलेली होती. अनेकांकडे पुरेसा गणवेश नव्हता. त्यांना पट्टा आणि टोपीवरचं चिन्ह तेवढं मिळालं, बाकी कपडे घरचे. रणगाडाविरोधी तोफा शंभरच्या आसपास, लढाऊ रणगाडे जवळपास नाहीतच.

तेव्हाची आघाडी कशी विभागली होती?

सगळ्यात महत्त्वाची करेलियाची चिंचोळी पट्टी, म्हणजे फिनलंडचं आखात आणि लाडोगा तलाव यांच्यामधला भाग. तिथे ह्यूगो एस्टरमन यांची फौज, तिच्यात एकविस्ट यांची दुसरी कोअर आणि हाइनरिक्स यांची तिसरी. फेब्रुवारीत एस्टरमन बाजूला झाले आणि हाइनरिक्स यांनी सूत्रं घेतली. लाडोगाच्या उत्तरेला हॅग्लुंड यांची चौथी कोअर. त्याच्याही वर शेकडो किलोमीटर जंगलात तुओम्पो यांच्या हाताखालच्या विखुरलेल्या तुकड्या. मिक्केलीत मॅनरहाइम यांच्या शेजारी नकाशांवर काम करणारे आइरो. आखणीचं डोकं त्यांचं आणि शेवटचा शब्द मार्शलचा, अशी ही जोडी पुढची पाच वर्षं टिकली.

फिनलंडला थंडीने वाचवलं, हे खरं का?

अर्धवट खरं. थंडी दोन्ही बाजूंना सारखीच होती. फरक तयारीचा होता. जानेवारी १९४० च्या सुरुवातीची राते रस्त्यावरची लढाई पाहा. सोव्हिएत ४४ वी डिव्हिजन युक्रेनमधून आलेली, एकाच अरुंद जंगली रस्त्यावर मैलोन्‌मैल पसरलेली. वाहनं जड आणि रस्ता सोडून बर्फात उतरायची सोय नाही. कर्नल यालमार सिलास्वुओ यांच्या माणसांनी जंगलातून, रस्त्याला समांतर, बर्फ दाबून वाटा तयार केल्या. त्यांवरून घोड्यांच्या घसरगाड्या, तंबू, शेगड्या आणि गरम जेवण पुढे गेलं. मग त्यांनी रांगेचे तुकडे पाडले आणि एकेक तुकडा वेगळा वेढला. पहिला घाव बऱ्याचदा फिरत्या स्वयंपाकघरांवर. उपाशी आणि गारठलेला शत्रू फार काळ लढू शकत नाही. त्याच्या आधीच्या आठवड्यात सुओमुसाल्मी गावात १६३ वी डिव्हिजन अशीच संपली होती. डिसेंबरमध्ये तोल्वायार्वीला तालवेला आणि पायारी यांनी युद्धातला पहिला मोठा विजय मिळवला.

करेलियाच्या पट्टीवर मात्र हे चाललं नाही. तिथे मोकळं रान, रेल्वे आणि तोफा होत्या. सोव्हिएत सेनापती तिमोशेंको यांनी फौज नव्याने बांधली आणि ११ फेब्रुवारीला सुम्मा इथे फिनिश तटबंदी फोडली. तेव्हा थंडी काही कमी झालेली नव्हती.

म्हणजे फिनलंड युद्ध जिंकला की हरला?

हरला. १०५ दिवसांनी, १३ मार्च १९४० ला, युद्ध थांबलं आणि तहानुसार देशाचा सुमारे दहावा हिस्सा, वीपुरी शहरासह, सोव्हिएत संघाला गेला. चार लाखांहून अधिक करेलियन लोकांनी घरं सोडली. सुमारे २५ हजार सैनिक मेले. पण देश स्वतंत्र राहिला.

फिनिश सैनिकांच्या कबरी गावोगावच्या चर्चच्या आवारात का दिसतात?

कारण सेनेने मृतांना घरी पोहोचवायचं ठरवलं होतं. बहुतेक देशांत सैनिक जिथे पडला तिथेच त्याची कबर होते. फिनलंडमध्ये आघाडीमागे मृतांची ओळख पटवून, धुऊन, शवपेटीत घालून, रेल्वेने त्याच्या गावी पाठवणारी केंद्रं होती. या कामात लोट्टा स्वॅर्द संघटनेच्या स्त्रियांचा मोठा वाटा होता. स्वयंपाक, शुश्रूषा, हवाई टेहळणी अशी कामं करणाऱ्या या संघटनेत लाखावर स्त्रिया होत्या. १९४४ च्या युद्धबंदीनंतर सोव्हिएत मागणीवरून ती बरखास्त करावी लागली.

जिल्हावार भरतीची दुसरी बाजू इथे दिसते. एकाच गावची पोरं एका कंपनीत असत, म्हणून एखाद्या वाईट दिवशी एकाच चर्चच्या आवारात एकदम कित्येक शवपेट्या येत. सातारा-कोल्हापूरकडच्या सैनिकी गावांतल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

फिनलंड हिटलरच्या बाजूने लढला होता ना?

हो, आणि हे झाकून ठेवायचं कारण नाही. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला, त्याच महिन्यात फिनलंडही युद्धात उतरला. सुरुवातीचा हेतू गमावलेला मुलूख परत घेणं हा होता, पण सेना जुनी सीमा ओलांडून पूर्व करेलियात गेली आणि तिथे ताबा ठेवून बसली. रशियन वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं गेलं आणि तिथे चार हजारांहून अधिक माणसं भूक व रोगाने मेली. सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी सुमारे १९ हजार कैदेत मेले. मॅनरहाइम यांनी लेनिनग्राडवर चाल करायला नकार दिला हे खरं असलं, तरी या मृत्यूंची जबाबदारी त्याने फिटत नाही.

१९४४ च्या उन्हाळ्यात काय घडलं?

जून १९४४ मध्ये सोव्हिएत लाल सेनेने करेलियाच्या पट्टीवर प्रचंड हल्ला केला. २० जूनला वीपुरी पडलं. मग ताली आणि इहांतला या गावांपाशी, जून अखेर ते जुलैच्या पूर्वार्धात, फिनिश सेनेने तो हल्ला रोखला. इथे काम केलं ते तोफखान्याने. जनरल विल्हो नेनोनेन यांनी दोन दशकं या शस्त्रावर मेहनत घेतली होती, आणि १९४३ मध्ये उन्तो पेतायाने तयार केलेल्या एका साध्या गणकचकतीमुळे पुढे बसलेला एकच निरीक्षक टप्प्यातल्या साऱ्या तोफा एकाच ठिकाणी वळवू शकत असे. इहांतलाला सुमारे २५० तोफा अशा एका जागी कोसळल्या. जर्मन शस्त्रं आणि विमानांची मदतही निर्णायक होती.

सप्टेंबरमध्ये युद्धबंदी झाली. तिच्या अटींनुसार फिनलंडला आपल्याच भूमीवरून जर्मनांना हुसकावून लावावं लागलं. देशाच्या उत्तरेकडच्या लॅपलंडमधलं हे तिसरं युद्ध एप्रिल १९४५ पर्यंत चाललं, आणि माघार घेताना जर्मनांनी रोवानिएमी जाळून टाकलं.

शीतयुद्धात सेनेवर बंधनं होती का?

होती. १९४७ च्या पॅरिस तहाने भूदलाला ३४,४०० माणसांची मर्यादा घातली. पण त्यात राखीव नागरिकांना शिक्षण देण्यावर व्यवहारात तेवढी घट्ट आडकाठी राहिली नाही, आणि फिनलंडने तिथेच आपली ताकद साठवली. त्याआधी १९४४-४५ मध्ये सोव्हिएत कबजाच्या भीतीने काही अधिकाऱ्यांनी देशभर गुपचूप शस्त्रं लपवली होती. ते उघडकीस आल्यावर खटले झाले आणि अनेक अधिकारी तुरुंगात गेले.

१९६६ मध्ये देश सात लष्करी प्रांतांत विभागला गेला. प्रत्येक प्रांताने बाकी देशापासून तुटल्यावरही स्वतःच्या बळावर लढत राहायचं, हा विचार. १९९० मध्ये पॅरिस तहातली लष्करी बंधनं कालबाह्य झाल्याचं फिनलंडने स्वतःहून जाहीर केलं.

२०१५ च्या सुधारणांत काय बदललं?

लष्करी प्रांत रद्द झाले, काही जुन्या छावण्या बंद पडल्या आणि युद्धकाळातलं संख्याबळ साडेतीन लाखांवरून २ लाख ३० हजारांवर आणलं गेलं. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतल्यानंतर ते पुन्हा वाढवून २ लाख ८० हजार केलं. शीतयुद्ध संपल्यावर युरोपातल्या बहुतेक देशांनी सक्तीची सेवा सोडली, फिनलंडने ती सोडली नाही. तेव्हा त्याला जुनाट म्हणणारे पुष्कळ होते. आज त्यातले बरेच देश हीच पद्धत परत आणण्याची चर्चा करत आहेत.

तोफा आणि रणगाडे कोणते?

रणगाडे जर्मन बनावटीचे लेपर्ड २. यातले नव्या प्रकारचे शंभर रणगाडे नेदरलँड्सकडून वापरलेले घेतले. तोफखाना पश्चिम युरोपातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. २०१७ मध्ये फिनलंडने दक्षिण कोरियाकडून ४८ वापरलेल्या, स्वतःच्या इंजिनावर फिरणाऱ्या के-९ तोफा घेतल्या. त्याच वर्षी भारताने याच तोफेच्या आपल्या अवतारासाठी, के-९ वज्रसाठी, करार केला. आपल्या तोफा लार्सन अँड टुब्रोने गुजरातेत हाजिऱ्याला बांधल्या.

भारताशी याहून थेट संबंध आला आहे का?

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत. १९५६ मध्ये सुएझला गेलेल्या पहिल्या शांतिसेनेत भारतीय बटालियन होती आणि फिनलंडची कंपनीही. फिनलंडची ती पहिलीच शांतिमोहीम. राते रस्त्याच्या सिलास्वुओंचे चिरंजीव एन्सिओ सिलास्वुओ १९७३ मध्ये सुएझवरच्या दुसऱ्या शांतिसेनेचे सेनापती झाले. काश्मीरमधल्या नियंत्रण रेषेवरच्या संयुक्त राष्ट्र निरीक्षकांतही फिनिश अधिकारी राहिले आहेत.

नाटोत गेल्यावर अधिकारसाखळी बदलली का?

फिनलंड ४ एप्रिल २०२३ ला नाटोचा ३१ वा सदस्य झाला. राष्ट्रीय साखळी तीच राहिली. भर पडली ती नाटोच्या आराखड्यांची. उत्तर युरोपातल्या भूदलीय कारवायांसाठी नाटोचं एक मुख्यालय मिक्केलीतच, फिनिश भूदलाच्या शेजारी, बसवायचं २०२४ मध्ये ठरलं. लॅपलंडमध्ये स्वीडनच्या पुढाकाराने मित्रदेशांचं दल असणार आहे. २०२५ मध्ये संसदेने भूसुरुंगबंदीच्या करारातून बाहेर पडण्याचाही निर्णय घेतला. मला तो दुःखद वाटतो, पण ती सीमा नकाशावर पाहिली की त्यामागची भीती समजते.

सक्तीची सेवा किती दिवसांची? सूट कुणाला?

१६५, २५५ किंवा ३४७ दिवस. साध्या सैनिकाला कमी, तांत्रिक कामं करणाऱ्यांना मधला काळ, नायक आणि राखीव अधिकारी होणाऱ्यांना पूर्ण ३४७. तुकड्या वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, भरतात. सेवा संपली की माणूस राखीव यादीत जातो आणि अधूनमधून सरावाला बोलावला जातो. स्त्रियांना १९९५ पासून स्वेच्छेने येता येतं. शस्त्र उचलायला विवेक मान्यता देत नसेल तर ३४७ दिवसांची मुलकी सेवा करता येते. दोन्ही नाकारणाऱ्याला शिक्षा होते. ऑलंद बेटं आंतरराष्ट्रीय करारांनी निःशस्त्र असल्याने तिथल्या रहिवाशांना लष्करी सेवा नाही.

आम्ही एस्पोला राहतो. मुलाला फिनिश नागरिकत्व मिळालं तर त्याला लष्करात जावं लागेल का?

हेलसिंकी-एस्पो भागातल्या मराठी कुटुंबांकडून हा प्रश्न वारंवार येतो. बंधन फक्त फिनिश नागरिक असलेल्या पुरुषांना आहे. भारतीय पासपोर्टवर, निवास परवान्यावर राहणाऱ्याला नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून फिनिश नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. नंतर घेतलेल्या ओसीआय कार्डाने लष्करी सेवेतून सुटका होत नाही.

मुलगा १८ वर्षांचा होतो त्या वर्षी शरद ऋतूत भरतीच्या हजेरीचं पत्र घरी येतं. तिथे आरोग्य तपासणीची कागदपत्रं पाहतात, कुठल्या तुकडीत आणि केव्हा जायचं ते ठरतं. त्याची पसंती विचारली जाते आणि शिक्षणासाठी तारीख पुढेही ढकलता येते, पण सेवा साधारण तिशीच्या आत सुरू व्हावी लागते. विशीत नागरिकत्व मिळालेल्यालाही हेच लागू. पत्राकडे दुर्लक्ष करू नये. कारण न देता गैरहजर राहिल्यास पोलीस घेऊन जाऊ शकतात. शंका असेल तर आपल्या भागातल्या संरक्षण दलांच्या प्रादेशिक कार्यालयात जाऊन विचारावं. तिथे इंग्रजीत बोलता येतं, छावणीतलं शिक्षण मात्र फिनिश किंवा स्वीडिशमध्येच चालतं, तेव्हा मुलाची भाषा आधीपासून पक्की असलेली बरी.